दगड धरून बसलेलं झाड

ऐरोलीत त्या काळी बर्फाच्या लाद्या मासळीवाल्यांकडे जायच्या आणि आमच्या बाईंकडे यायच्या. बाईंची लादी गोणपाटात गुंडाळून रिक्षातून उतरायची. मागच्या पडवीत बसून बाई ती बत्त्याने फोडायच्या आणि तुकडे एका झाडाच्या बुंध्याभोवती रचायच्या. त्यामुळे आमच्या घरांच्या ओळीतली पोरं त्यांना 'बर्फवाली बाई' म्हणत. मोठी माणसंही म्हणत, फक्त त्या समोर नसताना.

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. कराडहून बी.एस्सी. होऊन आलेली, महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागलेली. आमचं रो-हाउस ओळीतलं शेवटचं. पुढे डांबरी रस्ता, मागे कुंपण, पलीकडे खाजण आणि खाडी. मुलुंडला जाणारा पूल तेव्हा नव्हता, म्हणून ऐरोली म्हणजे रस्ता संपतो ते ठिकाण. सेक्टर पाडून झाले होते, दिव्यांचे खांब उभे राहिले होते, पाट्या लागल्या होत्या. माणसं तेवढी यायची राहिली होती. दुपारी बाहेर पडलं तर आपल्याच चपलांचा आवाज समोरच्या रिकाम्या इमारतीवर आपटून परत यायचा आणि मागून कुणीतरी चालतंय असं वाटायचं.

पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणाले.

"काकू नको," त्या म्हणाल्या. "मी कुणाची काकू नाही. शाळेत चित्रकला शिकवायचे. बाई म्हण."

उंच, हाडकुळ्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर कमरेला खोचलेला आणि त्या खोचलेल्या पदरात एक छोटी कात्री. वाढलेलं काही दिसलं की त्यांचा हात कात्रीकडे जाई. बोलता बोलता माझ्या ओढणीचा सुटलेला दोरा कापून टाकत. वर्तमानपत्राचा दुमडलेला कोपरा, उदबत्तीच्या पुड्याचं टोक, एकदा तर शेजारच्या जोशीकाकांच्या कानावरचा केस. काका पायरीवर बसून पेपर वाचत होते, त्यांना कळलंसुद्धा नाही. "वाढू द्यायला अक्कल लागत नाही," बाई म्हणायच्या. "अडवायला लागते."

अडवलेलं झाड मागच्या पडवीत होतं. जपानी मेपलचं बोन्साय. मी गेले तेव्हा ते एका उंच बादलीत उभं होतं. बादली काठोकाठ रेतीमातीने भरलेली आणि वर वीतभर खोड, हाताच्या पंजासारखी चिमुकली पानं. मला त्यात विशेष काही दिसेना. बाई म्हणाल्या, "दिसतंय ते झाड नव्हेच. झाड खाली आहे. दगडावर बसवलंय."

मेपलला थंडी लागते. ऐरोलीत थंडी म्हणजे पंखा दोनवर. म्हणून उन्हाळाभर बर्फ आणि डिसेंबर सरता सरता फ्रिज. फ्रिजमधल्या जाळ्या काढायच्या, आतला दिवा काढायचा, बादलीसकट झाड आत ठेवायचं आणि होळीपर्यंत दार अगदी गरजेपुरतं उघडायचं. तितके महिने घरात विरजण नाही, गार पाणी नाही, दूध सकाळचं सकाळी संपवायचं. मी एकदा दह्याची वाटी घेऊन भीत भीत विचारलं, तर बाई फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आत झोपलंय ते. तू झोपलेल्याच्या उशाशी दही ठेवतेस का?"

एका हिवाळ्यात वीज गेली ती दुपारपर्यंत आली नाही. बाईंनी मला रिक्षात घातलं आणि आम्ही दिवा गावाकडे बर्फ आणायला गेलो. मासळीच्या टोपलीशी बसलेली एक म्हातारी लादी देताना हसली.

"बाय, बरफ मेलेल्या मानसाला लावतान. झाराला कोन लावतं गो?"

बाई हसल्या नाहीत. परत येताना त्यांनी लादी मांडीवर घेतली होती. पाणी गळून साडी भिजत होती, तरी खाली ठेवली नाही.

त्यांचे यजमान बोटीवर इंजिनिअर होते. ही हकिकत मला बाईंनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली, कधी भाजी निवडताना, कधी कपडे वाळत घालताना, दुसऱ्या कुणाची सांगावी तशी. एका फेरीत त्यांनी जपानहून मेपलचं बी आणलं, टूथब्रशच्या डबीत, ओल्या कापसात. बाईंनी ते रुजवलं. पुढे घर घेतलं तेव्हा पूर्वेकडच्या डोंगरातल्या खाणीतून यजमानांनी एक काळा दगड उचलून आणला. खाडीचा वारा दार आपटायचा, म्हणून दाराला लावायला. मग ते पुन्हा बोटीवर गेले. समुद्र शांत होता, दुपारचा चहा झाला होता. त्यांचा कप रेलिंगपाशी सापडला. ते सापडले नाहीत.

"बुडाले असं कुणी पाहिलं नाही," बाई म्हणायच्या. "कप सापडला, एवढंच पाहिलं."

त्या वर्षी त्यांनी रोप कुंडीतून काढलं, मुळं धुतली, त्या दगडावर केस विंचरावेत तशी पसरली आणि घट्ट बांधली. बांधायला यजमानांच्या बोटीवरच्या निळ्या डांगरीच्या पट्ट्या फाडून घेतल्या. वरून चिखल थापला आणि सगळं बादलीत गाडून टाकलं. असं झाड काही वर्षं उकरून बघायचं नसतं. मुळं अंधारात दगड चाचपत खाली जातात, त्याला धरतात, जाड होतात. मग वरची माती बोटबोटभर कमी करत यायची आणि झाडाने काय केलंय ते बघायचं.

खाणीत दुपारी सुरुंग लावत. तीनच्या सुमाराला भोंगा व्हायचा, मग धाड असा आवाज आणि ओळीतल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. भोंगा झाला की बाई हातातलं टाकून पडवीत जायच्या आणि बादलीवर तळवा ठेवून उभ्या राहायच्या. काचा थांबल्या तरी त्या थांबून असायच्या. एकदा मी विचारलं, "हादरतं का हो?"

"बादली हादरते," त्या म्हणाल्या. "आतलं घट्ट धरून असतं."

मधूनमधून चिपळूणजवळच्या गावाहून त्यांचे धाकटे दीर येत. शांत, पापभीरू माणूस, कोकमं आणि पोहे घेऊन यायचा. जेवण झालं की तोच विषय. "वहिनी, आईच्या जिवाला घोर लागलाय. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. शास्त्रात आहे. एकदा करून टाकू, त्यालाही वाट मिळेल."

"पानं जाळून माणूस मेला असं होत नाही, भाऊजी."

"मग तुम्ही काय म्हणता? आहे?"

"मी काहीच म्हणत नाही."

या काहीच न म्हणण्याची किंमत त्या रोज मोजत होत्या. संक्रांतीला ओळीतल्या बायका एकमेकींच्या दारी जात. बाईंच्या दारापाशी आल्या की पावलं अडखळत. बोलवावं तर कुंकवाचं नक्की नाही, न बोलवावं तर मंगळसूत्र डोळ्यांसमोर. शेवटी तिळगूळ शेजारच्या पोराबरोबर आत पाठवून देत. बाई तो खाऊन टाकत.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी माती उतरवायला सुरुवात झाली. बाई स्वेटरच्या सुईने माती मोकळी करत, झारीने पाणी सोडत आणि बादलीचा काठ करवतीने तेवढाच कापत. पहिल्यांदा एक मूळ दिसलं, मग दुसरं. करड्या रंगाची, गुळगुळीत, दगडाला इतकी चिकटलेली की मधून नखही जाणार नाही. डांगरीच्या पट्ट्या कुजून गेल्या होत्या. कुठेकुठे निळा धागा मुळाच्या सालीत रुतून राहिला होता.

गणपती होऊन गेल्यावर शेवटचा थर काढला. बाईंनी दगड धुतला, वरचं पाणी निथळू दिलं आणि दोघी बघत राहिलो. चार मुळं दगडाच्या पुढून उतरली होती, एक बाजूने आडवं आलं होतं. चारांतलं तिसरं मूळ अर्ध्यावरच थांबलं होतं. तुटलेलं नव्हतं. टोकाला साल गोल वळून बंद झाली होती, जुनी जखम बुजते तशी.

"हातासारखं दिसतंय," मी म्हणाले.

"दगड धरायचा तर हातासारखंच दिसणार." बाईंनी कात्री पदरात खोचली. "मुळं अशीच असतात."

पण त्यांनी झाडावर ओलं गोणपाट टाकलं. त्या संध्याकाळी जेवायला बसल्या त्या ताटातला भात नुसता चिवडत राहिल्या.

दिवाळीनंतर दिरांनी आईला आणलं. गावच्या घराची डागडुजी करायची होती, तेवढे दिवस ठेवून घ्या म्हणाले. म्हातारीचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले होते. बारीक अंगाची, पांढऱ्या केसांची, सतत हातांनी जग बघणारी. आल्या दिवशी तिने माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "नाक धारदार आहे गो तुझं. भांडखोर असशील." बाईंचा चेहरा मात्र तिने चाचपला नाही. दोघींत तेवढं अंतर होतं.

मी पहिल्या पाळीला होते, म्हणून दुपारी घरी असायचे. म्हातारीला ऊन लागावं म्हणून बाई तिला पडवीत पाटावर बसवून स्वयंपाकघरात गेल्या. मी जवळच कपडे वाळत घालत होते. म्हातारीने सवयीप्रमाणे आजूबाजूला हात फिरवायला सुरुवात केली. भिंत, झारी, गोणपाट. गोणपाट बाजूला सारलं. पानांवरून बोटं गेली, खोडावरून खाली उतरली आणि मुळांवर आली.

तिथे ती थांबली. दुसराही हात आणला. एकेक मूळ खोडापासून टोकापर्यंत चाचपलं. त्या आखूड मुळाच्या टोकावर अंगठा ठेवून नुसती बसून राहिली.

"अगो," ती मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "हा कधी आला?"

"कोण, आजी?"

"माझा मोठा. बोट बघ ना. लहान असताना विहिरीच्या रहाटात सापडलं होतं. पेरं गेलं ते गेलंच."

बाईंच्या दिवाणखान्यात यजमानांचा एक फोटो होता, त्यात त्यांचा एक हात खिशात होता. बोटाचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मागे बाई येऊन उभ्या होत्या.

"आई, ते झाड आहे."

"माहिताय गो. आंधळी आहे, खुळी नाही. झाड तुझं आहे. हात त्याचा आहे."

नंतर मी बाईंना एकटीला गाठून विचारलं. त्या आखूड मुळाला त्यांनी कधी कात्री लावली होती का? रोप बांधताना, निदान चुकून?

"सगळी मुळं अख्खी होती," त्या म्हणाल्या. "मी एकही कापलं नाही. ते बोट आठवून पाचही नीट पसरली होती. मुद्दाम." मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, या वेळी तरी अख्खं असावं."

म्हातारी त्या जागेवरून हलेना. जेवतानाही डावा हात मुळांवर. भोंगा झाला, सुरुंग उडाला, काचा वाजल्या, तरी ती दचकायची नाही. उलट मुळांना थोपटायची. आणि झाड लाल होऊ लागलं. इतकी वर्षं मेपलची पानं आमच्याकडे नुसती कडेने करपून गळायची. बाई पुस्तकांतली लाल चित्रं दाखवून म्हणायच्या की हे इथे होणार नाही, इथली हवाच तशी नाही. त्या मार्गशीर्षात बर्फ न लावता, चार-सहा दिवसांत, प्रत्येक पान कुंकवासारखं लाल झालं. ओळीतली माणसं बघायला आली. पोरं आली नाहीत. त्यांना कुणी येऊ दिलं नाही.

मग एके दुपारी म्हातारी म्हणाली, "सूनबाई, समुद्रातून एवढाच परत आलाय. हात सापडला. आता याला अग्नी दे."

"झाड जाळू?"

"नुसता हात धरून किती दिवस बसणार तो? दमलाय."

बाई उठून आत गेल्या. म्हातारीने दुसऱ्या दिवसापासून अन्न सोडलं. पाणी तेवढं घ्यायची. रुसवा नव्हता, रागही नव्हता. मुलाचं सुतक धरल्यासारखी शांत बसून असायची. दीर धावत आले, भटजींना घेऊन आले. भटजी पडवीत झाडासमोर बराच वेळ उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "ओल्या झाडाला अग्नी देता येत नाही. पुतळा पळसाचाच करावा लागतो."

बाई खाली बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. "पानांचाच करायचा ना?"

"हो. पळसाची पानं."

"पळसाला पानं तीनच, असं लहानपणापासून ऐकतेय. याच्या पानाला बोटं पाच आहेत." त्यांनी पदरातली कात्री काढली. "याची चालतील?"

भटजींनी दिरांकडे पाहिलं, दिरांनी आईकडे. म्हातारी म्हणाली, "चालतील."

ज्या झाडासाठी त्यांनी विरजण सोडलं, गार पाणी सोडलं, लोकांच्या टोमण्यांकडे पाठ फिरवली, त्याची पानं बाईंनी स्वतः एकेक करून कापली. एकही खाली पडू दिलं नाही. शेवटचं पान कापल्यावर त्यांनी कात्री केळीच्या पानावर, त्या लाल ढिगाशेजारी ठेवली आणि पहिल्यांदा रडल्या. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

खाडीकाठी गावाच्या स्मशानापाशी आम्ही चौघं गेलो. दर्भावर पानं मांडून भटजींनी माणसाचा आकार केला. हातांपाशी आले तेव्हा बाई पुढे झाल्या आणि ती पानं त्यांनी लावली. दिरांनी अग्नी दिला. पानं ओली होती, धूर व्हायला हवा होता. धूर झाला नाही. ज्योत सरळ वर गेली, वारा असून सरळ. भटजी मंत्र म्हणता म्हणता एकदा अडखळले, मग डोळे मिटून पुढचे म्हणाले.

परतलो तेव्हा उन्हं कलली होती. म्हातारी पडवीत तशीच पाटावर बसलेली. शेजारच्या जोशीकाकू तिच्या सोबतीला थांबल्या होत्या, पण त्या दारातच उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या.

म्हातारीच्या मांडीत दगड होता.

"सुटला," ती म्हणाली. "मगाशी सुटला. आपणहून दिलान माझ्याकडे."

झाड जागेवर होतं. खालची माती विस्कटलेली नव्हती, एकही मूळ मोडलेलं नव्हतं, सालीवर ओरखडा नव्हता. मुळं होती तशीच वाकलेली, फक्त आत काही नव्हतं. ती उघडी ओंजळ बघून दिरांनी हात जोडले. जोशीकाकूंनी नंतर एवढंच सांगितलं, की त्यांना कडकड असा आवाज आला, बोटं मोडल्यासारखा, आणि त्यांनी बघितलं नाही.

त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली. दोन दिवसांनी मुलाबरोबर गावी गेली. दगड तिने कुणाच्या हातात दिला नाही, लुगड्याच्या ओच्यात बांधून नेला. निघताना तिने पहिल्यांदा बाईंचा चेहरा चाचपला. कपाळ मोकळं होतं. तिथे तिचा हात थोडा थांबला. "वाळलीस गो," म्हणाली.

मग ओळीतल्या बायका बाईंकडे येऊ लागल्या. आता काय बोलायचं ते त्यांना माहीत होतं. बाई त्यांना चहा देत आणि त्यांचं ऐकून घेत. फ्रिजमध्ये जाळ्या परत बसल्या, मी दही लावलं. झाड त्या वर्षी पडवीतच राहिलं, बिनपानांचं, रिकाम्या मुळांवर उभं. ते जगणार नाही असं मी धरून चालले होते. फाल्गुनात त्याला पालवी आली.

उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी खोली सोडली. निघायच्या दुपारी बाईंना नमस्कार करायला पडवीत गेले. त्या स्टुलावर बसून पेपर वाचत होत्या, उजव्या हाताने पान धरून. डावा हात मनगटापर्यंत मुळांच्या ओंजळीत होता.

"थांब, उठते," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. हात हळूहळू ओढत राहिल्या, झोपलेल्या माणसाच्या हातातून आपला सोडवून घेतात तसा. मी मदत करायला पुढे झाले तर मान हलवली. "घाई केली की आवळतो. जरा वेळ दिला की सोडतो."

हात बाहेर आला तेव्हा मनगटावर वळ उठले होते, ओलसर, मातीचा वास असलेले. त्या दारापर्यंत मला सोडायला आल्या. सासरच्या माणसांची चौकशी केली, सुखी राहा म्हणाल्या. बोलताना त्यांची नजर दोनदा मागे गेली. रिक्षा सुरू झाली आणि मी वळून पाहिलं. बाई लगबगीने आत चालल्या होत्या, घरी कुणीतरी वाट बघत असलं की बाया जातात तशा.